गांबेलाची जमीन कोणाची?

इथिओपियाच्या पश्चिम टोकाला, दक्षिण सुदानच्या सीमेलगत गांबेला हा सखल प्रदेश आहे. इथले अनुआक लोक बारो नदीच्या काठी मका आणि ज्वारी पिकवतात. पूर ओसरला की ओल्या गाळात पेरणी होते. काही वर्षांनी जमिनीचा कस उतरला की ती सोडून ते दुसरीकडे शेत करतात. पडीक दिसणाऱ्या रानातून मध आणि शिकार मिळते, नदीतून मासे. नांगर न लागलेले हे रान त्यांच्या पोटापाण्याचाच भाग आहे. सरकारी हिशेबात मात्र ती रिकामी जमीन ठरते.

1975 साली लष्करी राजवटीने सगळी ग्रामीण जमीन सरकारजमा केली. जमीनदारी गेली, पण कसणाऱ्याला मालकी मिळाली नाही. 1995 च्या राज्यघटनेनेही जमिनीच्या खरेदी-विक्रीवरची बंदी कायम ठेवली. त्यामुळे सावकाराला शेत गिळता येत नाही, हा मोठाच आधार. पण सरकारने ठरवले तर एका सहीत हजारो हेक्टर भाडेपट्ट्याने जातात, आणि तिथे राहणाऱ्यांना ते अडवता येत नाही.

2007-08 मध्ये जगभर धान्याचे भाव भडकले आणि आफ्रिकेतल्या जमिनीला मागणी आली. गुलाबाच्या निर्यातीत नाव कमावलेल्या बंगळुरूच्या करुतुरी कंपनीला गांबेलात 1 लाख हेक्टर जमीन मिळाली, पुढे आणखी 2 लाखांचे आश्वासन. मुदत 50 वर्षे. भाडे हेक्टरी वर्षाला 20 बिर, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन डॉलरही नाहीत. इतक्या स्वस्तात जमीन मिळते तेव्हा ती कसण्यापेक्षा अडवून ठेवणेही परवडते.

याच काळात, 2010 पासून, सरकारने गांबेलातल्या विखुरलेल्या वस्त्या नव्या गावांत हलवायला सुरुवात केली. शाळा, दवाखाना, पाणी देऊ, असे सांगितले गेले. लोकांना बळाने हलवले आणि सोयी पोहोचल्याच नाहीत, असा आरोप ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने 2012 च्या अहवालात केला. सरकारने तो फेटाळला. स्थलांतर स्वेच्छेचे असून त्याचा भाडेपट्ट्यांशी संबंध नाही, अशी त्याची भूमिका होती.

2011 च्या पुरात बारोने कंपनीचा मका बुडवला. बारो पात्राबाहेर येते, हे तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याने सांगितले असते. 2015 च्या अखेरीस सरकारने करार रद्द केला. तोवर 1 लाखांपैकी जेमतेम 1,200 हेक्टर लागवडीखाली आल्याचे सरकारचेच म्हणणे होते. कंपनीकडून काढलेली जमीन सरकारकडे परत गेली, अनुआकांकडे नव्हे.