एक न झालेली स्वाक्षरी : प्रतिभाताई पाटील यांची वाटचाल

भुसावळहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बोदवड स्थानक लागते. याच परिसरातील नाडगाव येथे 19 डिसेंबर 1934 रोजी प्रतिभाताई पाटील यांचा जन्म झाला. भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत; परंतु आपल्या श्रद्धास्वातंत्र्याशी निगडित असलेला त्यांचा एक निर्णय आपल्यापैकी अनेकांच्या विस्मरणात गेला आहे. त्याचे स्मरण करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी मुंबईत कायद्याची पदवी संपादन केली आणि जळगावच्या न्यायालयात वकिली सुरू केली. 1962 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या काँग्रेसतर्फे जळगावातून विधानसभेवर निवडून आल्या. पुढे 1967 ते 1985 या काळात त्यांनी एदलाबादचे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरचे, प्रतिनिधित्व केले. आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण अशी खाती त्यांनी सांभाळली. गरिबांसाठी शासनाने पुढाकार घ्यावा, असे मानणाऱ्या समाजवादी वळणाच्या मध्यममार्गी राजकारणात त्यांची जडणघडण झाली. 1979 मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. राज्यसभेच्या उपसभापतिपदानंतर 1991 साली त्या अमरावतीतून लोकसभेवर गेल्या. नोव्हेंबर 2004 मध्ये त्यांनी राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल म्हणून सूत्रे स्वीकारली.

एप्रिल 2006 मध्ये राजस्थान विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक संमत केले. बळजबरी, प्रलोभन किंवा फसवणुकीने धर्मांतर घडविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. बळजबरीचे धर्मांतर ख्रिस्तसभेलाही अमान्यच आहे. प्रश्न आहे तो ‘प्रलोभन’ या शब्दाचा. शाळा, दवाखाना किंवा दुष्काळातील मदत यांनाही कोणी प्रलोभन म्हटले, तर सेवाकार्य करणारी धर्मभगिनीसुद्धा आरोपी ठरू शकते.

राज्यघटनेचे 25 वे कलम सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, तसेच धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार देते. प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली फादर स्टॅनिस्लाउस यांच्या खटल्यात दिला. तथापि, स्वेच्छेने श्रद्धा स्वीकारण्याचे व्यक्तीचे स्वातंत्र्य त्यामुळे संपत नाही.

विधानसभेने संमत केलेले विधेयक राज्यपालांच्या संमतीशिवाय कायदा होत नाही. 200 व्या कलमानुसार राज्यपाल ते फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. प्रतिभाताईंनी मे 2006 मध्ये ते स्वाक्षरी न करता परत पाठविले. त्यातील तरतुदींचा धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष परिणाम होतो, हे त्यांचे कारण होते. जून 2007 मध्ये त्यांनी ते राष्ट्रपतींच्या विचारार्थ पाठविले आणि 25 जुलै 2007 रोजी त्या स्वतःच राष्ट्रपती झाल्या. ते विधेयक कायदा होऊ शकले नाही.

त्यांच्या कारकिर्दीवर टीकाही झाली. त्यांच्या नावाने जळगावात स्थापन झालेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 2003 मध्ये रद्द केला, हे ठेवीदार विसरू शकत नाहीत. राष्ट्रपती असताना त्यांनी तीसहून अधिक कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर काही दयेचे अर्ज फेटाळले. घोर गुन्हे केलेल्यांनाही दया मिळाली, म्हणून अनेकांनी त्यांना दोष दिला. पोप फ्रान्सिस यांनी 2018 साली धर्मशिक्षणग्रंथात बदल करून मृत्युदंड अस्वीकारार्ह ठरविला. त्या प्रकाशात या दयेकडे आपण निराळ्या दृष्टीने पाहू शकतो.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 साली धर्मस्वातंत्र्यावर स्वतंत्र घोषणापत्र प्रसिद्ध केले. ते स्वातंत्र्य केवळ कॅथलिकांसाठी नव्हे, प्रत्येक मानवासाठी आहे. कारण ते मानवाच्या प्रतिष्ठेतून येते. प्रतिभाताई ख्रिस्ती नव्हेत. तरीही पदाचा अधिकार त्यांनी या हक्काच्या रक्षणासाठी वापरला.

मात्र एका स्वाक्षरीचे संरक्षण कायमचे नसते. सप्टेंबर 2025 मध्ये राजस्थान विधानसभेने याहून कठोर विधेयक संमत केले. म्हणून, बंधुभगिनींनो, मतदान करणे, घटनेची कलमे वाचणे आणि आपल्या मुलामुलींना कायद्याच्या शिक्षणाकडे वळविणे ही आपलीही जबाबदारी आहे. सत्तास्थानी असलेल्या सर्वांना विवेकाचे धैर्य लाभो, ही प्रार्थना आपण येत्या रविवारच्या मिस्सामध्ये अवश्य करू या.