आईचे दात, बाळाचे दात

माझी सून कानडी घरातली. दुधाच्या दातांना ती 'हालुहल्लु' म्हणते. पाचव्या महिन्यात तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. "गरोदरपणी दातांना हात लावायचा नाही," असे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी बजावले. मी मात्र तिला दंतवैद्याकडे नेले. चौथ्या ते सहाव्या महिन्यात असे उपचार करून घेणे सोयीचे असते.

आईच्या किडक्या दातांतले जंतू लाळेवाटे बाळाच्या तोंडात जातात. म्हणून बाळाचा चमचा आधी आपल्या तोंडात घालू नये. पहिला दात दिसताच तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन तो घासावा. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये. आणि आजीबाईंनो, नातवंडाला कुंदा चाटवायची घाई नको!