वक्र मोजा, आकार ओळखा

मॅक्सिम कोन्त्सेविच, ल्युडमिल कात्झारकोव्ह, टोनी पँतेव आणि टोनी युए यू यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये मांडलेल्या सिद्धतेची बातमी सर्वत्र गाजली. तिसऱ्या घाताच्या एका समीकरणाने ठरणारा, खास निवडून न घेतलेला चार मितींचा आकार ‘परिमेय’ नसतो. म्हणजे चार मोकळी चलं घेऊन त्याचे जवळपास सगळे बिंदू एकास एक मांडता येत नाहीत. मथळ्यांत फील्ड्स पदकविजेते कोन्त्सेविच झळकले. पद्धतीबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते.

तीन मितींतला हाच प्रश्न क्लेमेन्स आणि ग्रिफिथ्स यांनी १९७२ मध्ये सोडवला होता. त्यांची युक्ती चौथ्या मितीत चालेना. नवी वाट निघाली ती सिम्प्लेक्टिक भूमितीतून. संमिश्र संख्यांवरचा आकार ताठ असतो. समीकरण जरा हलवलं की त्यावरचे काही वक्र नाहीसे होऊ शकतात. सिम्प्लेक्टिक भूमिती हा ताठपणा सोडून देते आणि दुमिती तुकड्यांचं एक प्रकारचं क्षेत्रफळ तेवढं जपते. एवढ्यावरही काम भागतं, हे मिखाईल ग्रोमोव यांनी १९८५ मध्ये दाखवलं. क्षेत्रफळाला मर्यादा असली की वक्र हाताबाहेर जात नाहीत. म्हणून त्यांची गणती करता येते, आणि आकार वाकवला तरी ती बदलत नाही. याच ग्रोमोव-विटन संख्या.

ही सैल गणती आकाराचे बैजिक गुण ओळखू शकेल का? प्रत्येक बिंदूतून परिमेय, म्हणजे एकाच मोकळ्या चलाने मांडता येणारा, वक्र जात असेल, तर तो गुण सिम्प्लेक्टिक रचनेवरूनच कळतो, हे यानोश कोलार आणि योंगबिन रुआन यांनी नव्वदच्या दशकात सिद्ध केलं. कोलार यांचा पुढचा प्रश्न साधा दिसतो: कोणतेही दोन बिंदू अशा वक्राने जोडता येतात, हा गुणही कळेल का? अडचण इथेच येते. वक्र डोळ्यांसमोर असूनही गणती शून्य येऊ शकते, कारण काही वक्रांचा वाटा ऋण असतो आणि बेरजेत सगळं विरून जातं. पॅरिसच्या क्लेअर व्हॉयझां यांनी २००८ मध्ये तीन मितींतल्या मोठ्या वर्गासाठी होकारार्थी उत्तर दिलं. झियू तियान यांनी २०१२ मध्ये तीन मितींचा प्रश्न पूर्ण सोडवला. हे काम वृत्तपत्रांपर्यंत पोहोचलंच नाही, पण सैल गणितावर कुठवर विसंबता येतं हे अशाच कामातून कळत गेलं.

२०२५ च्या सिद्धतेत या गणतीला हॉजच्या सिद्धांताची, म्हणजे आकारातल्या उपआकारांनी ठरणारे ‘बैजिक वर्ग’ ओळखायला मदत करणाऱ्या सिद्धांताची, जोड मिळाली. आकारातला छोटा भाग काढून तिथे नवा भाग बसवला की वक्रांची गणती कशी बदलते, याचं सूत्र क्योटोच्या हिरोशी इरितानी यांनी २०२३ मध्ये दिलं. त्याच्या आधारे आकाराचे ‘अणू’, म्हणजे आणखी न फुटणारे घटक, पाडता येतात. चार मितींचा आकार परिमेय असेल, तर त्याचे सगळे अणू फार तर दोन मितींच्या आकारांतून आलेले असायला हवेत. घन समीकरणाच्या आकारातला एक अणू त्यात बसत नाही. तसा अणू एखाद्या पृष्ठातून आला असता तर त्यात किमान तीन स्वतंत्र बैजिक वर्ग असते. इथे दोनच आहेत. अर्धशतकाहून जुन्या कोड्याचा निकाल या फरकाने लागला.

ही सिद्धता पचवायला बैजिक भूमितीच्या अनेक अभ्यासकांना वेळ लागतो आहे, कारण तिची भाषा आरशी सममितीतून, म्हणजे स्ट्रिंग सिद्धांताच्या शेजारून आली आहे. ती बारकाईने तपासलीच पाहिजे. पण माझ्या मते श्रेय एका नावाभोवती गोळा करणं अन्यायाचं आहे. इरितानींच्या सूत्राशिवाय हा निकाल उभाच राहिला नसता. आणि बैजिक भूमिती शिकणाऱ्याने सिम्प्लेक्टिक भूमितीला परका विषय मानायचे दिवस आता संपले आहेत. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी याची दखल लवकर घ्यावी.