जिवाणूंच्या विभाजनावरच घाव

पेनिसिलीनच्या कुळातील प्रतिजैविके जिवाणूची पेशीभित्तिका बांधली जाण्याच्या कामात अडथळा आणतात; परंतु त्यांना निकामी करणारी विकरे अनेक जिवाणूंनी केव्हाच आत्मसात केली असून, औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एकाच वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. त्यामुळे प्रचलित औषधांनी अद्याप न हेरलेले मर्मस्थान शोधणे निकडीचे झाले आहे.

असे एक मर्मस्थान जिवाणूच्या विभाजनात सापडते. दुभंगण्यापूर्वी पेशीच्या मध्यभागी ‘एफटीएसझेड’ या प्रथिनाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे धागे होतात व त्या धाग्यांचे वलय बनते. विभाजन घडवणारी इतर प्रथिने याच वलयापाशी जमतात, आणि ते बनले नाही, तर पेशी नुसती लांबत जाते, तिच्या दोन होत नाहीत.

पवईच्या आयआयटी मुंबईमध्ये दुलाल पांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सँग्विनारीन व हळदीतील कर्क्युमिन ही वनस्पतिजन्य द्रव्ये या प्रथिनाची जुळणी बिघडवतात, असे दाखवून दिले. मात्र सँग्विनारीन पिवळ्या धोतऱ्याच्या बियांतही असते आणि त्या बियांच्या तेलाची भेसळ झालेले मोहरीचे तेल खाल्ल्याने १९९८ साली दिल्लीत ‘ड्रॉप्सी’ या अंगाला सूज आणणाऱ्या रोगाची जीवघेणी साथ पसरली होती; वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हा समज किती घातक आहे, हे त्यावरून कळावे. शिवाय एफटीएसझेड हे मानवी पेशींतील ट्युब्युलिन या प्रथिनाचे दूरचे भावंड असल्याने, एकाला रोखून दुसऱ्याला धक्का न लावणारा रेणू घडवणे हे खरे कौशल्याचे काम आहे.

दारुहळदीच्या कुळातील झुडपांची कथा तर विशेष उद्बोधक आहे. त्यांतील बर्बेरिनही एफटीएसझेडला अटकाव करते, पण स्टॅफिलोकोकस जिवाणू आपल्या पटलातील पंपाने ते बाहेर फेकतो. २००० साली अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले, की ही झुडपे त्या पंपालाच रोखणारे दुसरे द्रव्यही तयार करतात, जे एकटे असताना जिवाणूंचे फारसे काही बिघडवत नाही. एकेक द्रव्य वेगळे काढून पारखण्याच्या रूढ पद्धतीत असे साहाय्यक रेणू सहज निसटतात, म्हणून त्यांचा शोध मुद्दाम घ्यायला हवा.

हळदीबाबत मात्र एक सावधगिरी हवी: तिच्यातील कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच कमी उतरते. तेव्हा परीक्षानळीतील यशावर विसंबून कोणीही डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक सोडून हळदीवर भिस्त ठेवू नये.