मृत्युपत्राचा निष्पादक : मालक नव्हे, विश्वस्त

घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तली की दुःखाचे दिवस सरतात न सरतात तोच एक प्रश्न उभा राहतो. मागे राहिलेले घर, शेती, दागिने आणि ठेवी यांची वाटणी कशी करायची? मृत व्यक्तीने मृत्युपत्र केले असेल, तर या प्रश्नाचे उत्तर त्यात लिहिलेले असते. परंतु ते उत्तर अमलात कोणी आणायचे? मृत्युपत्र करणारी व्यक्ती ज्याच्यावर हे काम सोपवते, त्याला ‘निष्पादक’ म्हणतात. व्यवहारात ‘एक्झिक्युटर’ हा शब्दही रूढ आहे.

हे काम किती अवघड असू शकते, हे आल्फ्रेड नोबेल यांच्या उदाहरणावरून समजते. डायनामाइटचा शोध लावणाऱ्या या स्वीडिश उद्योजकाने २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये मृत्युपत्रावर सही केली. संपत्तीच्या उत्पन्नातून मानवजातीचे हित साधणाऱ्यांना दरवर्षी पारितोषिके द्यावीत, अशी त्यांची इच्छा होती. १० डिसेंबर १८९६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा अशी पारितोषिके देणारी संस्था अस्तित्वातही नव्हती. काही नातेवाइकांनी मृत्युपत्राला हरकत घेतली. दोन निष्पादकांपैकी राग्नार सूलमान हे अवघे २६ वर्षांचे होते. अनेक देशांत विखुरलेली मालमत्ता त्यांनी एकत्र केली. पॅरिसमधील रोखे घोडागाडीतून हलवताना त्यांनी जवळ पिस्तूलही बाळगले होते. मात्र त्यांनी आप्तांशी बोलणी थांबवली नाहीत. नोबेल यांचे पुतणे इमॅन्युएल यांनी काकांच्या इच्छेचा मान राखला. १८९८ साली आप्तांशी तडजोड झाली आणि १९०१ साली पहिली पारितोषिके दिली गेली.

आपल्या देशात निष्पादकाचे अधिकार आणि कर्तव्ये भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये सांगितलेली आहेत. मृताची मालमत्ता निष्पादकाच्या ताब्यात येते, ती मृताचा कायदेशीर प्रतिनिधी म्हणून. तो मृताची येणी वसूल करू शकतो, दावा लावू शकतो आणि मृत्युपत्रातील मर्यादा सांभाळून मालमत्ता विकूही शकतो. वाटणीपूर्वी मात्र त्याला काही खर्च व देणी भागवावी लागतात. अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि अखेरच्या आजारातील औषधोपचार यांना पहिला मान असतो. त्यानंतर न्यायालयीन खर्च, मग मजुरांची व घरकाम करणाऱ्यांची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील थकलेली मजुरी आणि शेवटी इतर कर्जे येतात. हे सर्व फिटल्यावर जे उरते, तेच वाटले जाते. ‘बाबा जाऊन महिना झाला, माझा वाटा अजून का मिळाला नाही?’ असे एखादा भाऊ रागाने विचारतो. परंतु मृत्यूनंतर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत वाटा देण्याचे बंधन निष्पादकावर नसते, हे त्याला ठाऊक नसते.

अधिकारांबरोबर जबाबदारीही येते. मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला म्हणजे ‘प्रोबेट’. तो मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एक वर्षात जमाखर्चाचा हिशेब निष्पादकाने न्यायालयात सादर करायचा असतो. त्याने मृताची मालमत्ता स्वतःच विकत घेतली, तर हितसंबंधी व्यक्ती तो व्यवहार रद्द करून घेऊ शकते. त्याच्या गैरवर्तनामुळे नुकसान झाल्यास त्याला भरपाई द्यावी लागते. उच्च न्यायालय त्याला पदावरून दूरही करू शकते.

कुटुंबातील वाद बहुधा याच सीमारेषेवर पेटतात. थोरला भाऊ निष्पादक असला की तो स्वतःला मालक समजू लागतो. हिशेब मागणारी बहीण त्याला भांडखोर वाटते. वास्तविक हिशेब मागणे हा तिचा हक्क आहे. शिवाय मृत्युपत्रालाही मर्यादा असतात. एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. अशा मालमत्तेतील केवळ स्वतःचा हिस्सा वडील मृत्युपत्राने देऊ शकतात, मुलीचा नव्हे. तिने हक्कसोड पत्रावर सही केलीच पाहिजे, अशी सक्ती निष्पादक करू शकत नाही. मुस्लिम व्यक्तीच्या मृत्युपत्राला तिचा वैयक्तिक कायदा लागू होतो, तर गोव्यात वारसाहक्काचा कायदा वेगळा आहे. म्हणून आपल्याला कोणता कायदा लागू होतो, याची आधी खात्री करून घ्यावी.

मृत्युपत्र करताना भाषा सोपी व निःसंदिग्ध असावी आणि दोन साक्षीदारांसमोर सही करावी. निष्पादक हिशेबी आणि सर्वांच्या विश्वासातला असावा. त्याची संमती आधीच घ्यावी, कारण त्याला हे काम नाकारण्याची मुभा असते. त्याच्या अभावी दुसरे नावही सुचवून ठेवावे. वारसांनी हिशेब मागावा आणि निष्पादकाने तो न मागता द्यावा. असे झाले, तर मालमत्तेच्या वाटणीबरोबर नात्यांची वाटणी होण्याचे टळते.