उंचीचा मोह आणि लिटरचा हिशेब

पुणे-नाशिक रस्त्यावर खेड सोडलं की मंचरच्या अलीकडे पेठ लागतं. सातगाव पठारावरचं हे गाव बटाट्यासाठी ओळखलं जातं. घराचा नकाशा काढतानाच हॉलच्या भिंतीत फिश टँकसाठी कोनाडा सोडायची हौस आता पुण्या-मुंबईपुरती उरलेली नाही, ती पेठसारख्या गावांतही पोचली आहे. तयार टँक त्या कोनाड्यात बसत नाही, म्हणून काचवाल्याला मापं देऊन बनवून घ्यायचा बेत ठरतो. घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते, कारण माप द्यायच्या आधी माणूस आकडा सांगतो तो लिटरचा. ‘सहा-सातशे लिटरचा करून टाका.’

लिटर सांगितले की आकार सांगितला, असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात लिटरवरून आकार अजिबात कळत नाही. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच हा टँक घ्या आणि चार फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच हा दुसरा घ्या. दोन्ही 24 घनफुटांचे, म्हणजे काठोकाठ भरले तर साधारण 680 लिटरचे. पण पहिल्यात पाण्याचा उघडा पृष्ठभाग 12 चौरस फूट आहे, दुसऱ्यात फक्त 8. पाण्यात प्राणवायू विरघळतो तो मुख्यतः या पृष्ठभागावरून. एअर पंपाचे बुडबुडेही बरंचसं काम करतात ते पाणी ढवळून वर आणण्याचंच. म्हणजे तेवढ्याच पाण्यात, तेवढ्याच पैशात दुसऱ्या टँकमध्ये मासे कमी मावतात. आणि वीज गेली, पंप थांबला, की हा फरक आधी माशांना कळतो.

पैसे तरी तेवढेच लागतात का? तेही नाही. इथे दुसरा, अधिक महागात पडणारा गैरसमज आडवा येतो. पाणी जास्त म्हणून काच जाड लागते, असं बहुतेकांना वाटतं. पाण्याचा दाब एकूण पाण्यावर ठरत नाही, खोलीवर ठरतो. दोन फूट खोल पाण्याचा तळाशी दाब टँक तीन फूट लांब असो वा दहा फूट, तेवढाच असतो. समोरच्या काचेवर बसणारा एकूण रेटा मात्र उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहा फूट लांब आणि दोन फूट उंच काचेवर तो सुमारे 340 किलो भरतो. उंची फक्त सहा इंचांनी वाढवली, अडीच फूट केली, की तोच 530 किलोंच्या आसपास जातो. वरच्या उदाहरणातली चार फुटी, पण तीन फूट उंच काच? लांबीने लहान असूनही तिच्यावर 510 किलोंचा रेटा येतो.

म्हणून दोन फूट उंचीला 12 एमएम काच आणि वरच्या काठाला काचेच्या आडव्या पट्ट्या यांवर कारागीर काम भागवतात. जरा सावध माणूस 15 एमएम घेतो. अडीच-तीन फुटांवर मात्र 19 एमएमची भाषा सुरू होते आणि अंदाजपत्रकाचा सूरच बदलतो. उलट दोन फूट उंची कायम ठेवून लांबी सहाची आठ फूट केली, तर काचेची जाडी जवळपास तीच राहते. एवढंच की मधल्या पट्ट्या वाढतात आणि स्टँड लांबतो. तिन्ही मापांत उंची हे सगळ्यात महाग माप आहे आणि नेमका तिचाच मोह लोकांना सुटत नाही.

हा मोह बऱ्याचदा सार्वजनिक मत्स्यालयांतून घरी येतो. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं. नूतनीकरणानंतर 2015 मध्ये ते पुन्हा उघडलं, तेव्हा त्यातला अॅक्रिलिकचा बोगदा हे मोठं आकर्षण होतं. डोक्यावरून मासे जाताना पाहून आलेल्या माणसाला घरातला दोन फुटी टँक बुटका वाटला, तर नवल नाही. पण तिथे पडद्यामागे देखभालीची वाट असते, माणसं असतात. घरी टँकमध्ये हात घालतो तो घरचाच माणूस. माणसाचा हात काखेपासून बोटांपर्यंत दोन-सव्वादोन फूट. अडीच फुटी स्टँडवर तीन फुटी टँक ठेवला, तर तळाची वाळू साफ करायला स्टूल लागतं आणि स्टुलावर चढूनही हात तळाला टेकत नाही. असा टँक पहिले दोन महिने चकचकीत राहतो. मग खालच्या कोपऱ्यात शेवाळ धरतं ते धरतंच.

‘मग टफन काच लावा, म्हणजे चिंता नाही,’ असा सल्ला कोणीतरी हमखास देतं. 16 डिसेंबर 2022 रोजी बर्लिनमधल्या एका हॉटेलातला प्रचंड दंडगोल टँक फुटला आणि सुमारे दहा लाख लिटर पाणी रस्त्यापर्यंत वाहिलं. त्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरले, तेव्हापासून या सल्ल्याला आणखी धार आली. बर्लिनचा तो टँक अॅक्रिलिकचा होता आणि तळाशी असलेला दाब घरातल्या दोन फुटी टँकच्या वीस पटींहून जास्त होता. घरच्या काचेला त्यातून शिकण्यासारखं फारसं काही नाही. टफन काच ताकदीने जास्त हे खरं, पण ती तुटते तेव्हा अख्खी एकदम बारीक तुकडे होऊन कोसळते. शिवाय एकदा टफन केली की कापता येत नाही आणि पाइपसाठी भोकही पाडता येत नाही. पुरेशा जाडीची साधी काच तडकली, तर बहुधा एक रेष जाते, पाणी झिरपू लागतं आणि बादल्या आणायला वेळ मिळतो. घरगुती टँकला साधी, जाड काच ही म्हणूनच जुनी आणि शहाणी निवड आहे.

आता रुंदी. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं, कारण टँक बघायचा समोरून. हॉलमधली जागा वाचवायची म्हणून दीड फूट, कधी सव्वा फूट रुंदी सांगितली जाते. पाण्यात शिरताना-निघताना प्रकाश वळतो, त्यामुळे समोरून पाहताना टँकची रुंदी पाऊण पटच भासते. दोन फुटांचा टँक दीड फुटाचा दिसतो आणि दीड फुटाचा जेमतेम एक-सव्वा फुटाचा. दगड, लाकूड, झाडं अशी मांडणी केल्यावर पुढे-मागे काही उरतच नाही. सगळं भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसतं.

माशांसाठी रुंदी ही दिखाव्याची बाब नाही. घरात भाग्य आणतो म्हणून अरोवाना पाळण्याची टूम आहे. बाजारात स्वस्तात मिळणारा सिल्व्हर अरोवाना विकत घेताना वीतभर असतो आणि पूर्ण वाढीला तीन फुटांच्या घरात जाऊ शकतो. दोन फूट रुंद टँकमध्ये तो वळणार कसा? टँक आठ फूट लांब असला, तरी प्रत्येक टोकाला हा प्रश्न येतोच. ‘मासा टँकएवढाच वाढतो’ हे दुकानातलं वाक्य इथे फार कामाला येतं आणि तेच सर्वांत खोटं आहे. कोंडलेल्या, घाण साचलेल्या पाण्यात माशाची वाढ खुंटते, ती आजाराची खूण असते. मग न मावणारा मासा कुठे जातो? धरणात. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासा येतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, काच साफ करतो म्हणून विकला जाणारा. पेठच्या तालुक्यातून वाहणारी घोड नदी पुढे भीमेला मिळते आणि तेच पाणी उजनीत उतरतं.

लांबीची गरज समजून घ्यायला सह्याद्रीतलाच मासा पुरेसा आहे. लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब केरळ-कर्नाटकातल्या वाहत्या ओढ्यांचा. जगभर शौकिनांची त्याला मागणी आहे. 2013 साली पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशासाठी स्वतंत्र वंश (जीनस) मांडला आणि त्याला नाव दिलं ‘सह्याद्रिया’. हाताच्या पंजाएवढा होणारा हा मासा थव्याने राहतो आणि सरळ रेषेत सुसाट पळतो. त्याला उंच टँकचा काही उपयोग नाही, पाच-सहा फुटांची धाव हवी. उंची खरोखर मागणारा एंजलसारखा मासासुद्धा दीड-दोन फुटांत समाधानी असतो.

वजनाचं काय? सहा-दोन-दोनचा टँक प्रत्यक्षात 680 लिटर घेत नाही. काचेची जाडी आणि वर सोडलेली दोन इंचांची मोकळी पट्टी वजा केली, की पाणी 580 लिटरच्या आसपास उरतं. औषधाचा डोस याच आकड्यावर काढायचा असतो, काठोकाठच्या नाही. त्यात काचेचे सव्वाशे किलो, वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड धरला की बेरीज नऊशे किलोंच्या घरात जाते. म्हणजे बटाट्याच्या पन्नास किलोंच्या अठरा गोण्या, बारा चौरस फुटांत, वर्षानुवर्षं. भारतीय मानकांनुसार घराच्या मजल्यावर दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार गृहीत धरतात. टँकच्या पायाखाली तो आठशेच्या आसपास येतो. म्हणून स्लॅब लगेच कोसळतो असं नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो. पण पहिल्या मजल्यावर टँक ठेवायचा, तर तो खालच्या बीमवर, भिंतीलगत आणि इंजिनिअरला विचारून. जुन्या वाड्याच्या लाकडी माळ्यावर तर नाहीच.

‘तळमजला आहे, मग काय बिघडतंय’ हेही अर्धंच खरं. जोत्यातला मुरूम नीट धुमसलेला नसेल, तर फरशी एका कोपऱ्यात दबते, स्टँड तिरका होतो आणि काचेच्या सांध्यांना पीळ बसतो. वास्तुशास्त्राने सांगितलेला ईशान्य कोपरा या दृष्टीने तपासलेला नसतो. तिथे पूर्वेची खिडकी असेल, तर सकाळचं ऊन थेट पाण्यात उतरतं आणि शेवाळाची चंगळ होते.

सातगाव पठारावर उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण नवी नाही. आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलायचं, तर या टँकला दर वेळी दीडशे लिटर लागतात. काढलेलं पाणी परसातल्या झाडांना चांगलं मानवतं, त्यामुळे वाया जात नाही. पण मे महिन्यात टँकरचं पाणी घेणाऱ्या घराने हा आकडा माप ठरवण्याआधी मांडावा. पाच फुटी टँक अशा घराला जास्त शोभतो.

मापं नक्की करताना ती बाहेरून की आतून, हे कागदावर लिहून घ्यावं. दरवाजा, जिन्याचं वळण आणि कोनाड्याची खोली टेपने मोजावी. कोनाड्यात टँकच्या वर किमान एक फूट मोकळी जागा हवी, नाहीतर झाकण उघडत नाही. सिलिकॉन आठवडाभर सुकू द्यावं. मग स्टँड पाणसळीने सपाट करून, टँकखाली थर्मोकोलचा पत्रा घालून, एकदम न भरता टप्प्याटप्प्याने पाणी चढवावं आणि दोन-तीन दिवस सांध्यांवर कोरडा कागद फिरवून बघावा. मासे त्यानंतरही लगेच नाहीत. फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात आणि टँक केवढाही असला तरी ही मुदत कमी होत नाही.