असईआधीची सात वर्षं

भोकरदन तालुक्यात केळणा आणि जुई या दोन नद्या काही अंतर जवळजवळ समांतर वाहतात आणि पुढे एकमेकींना मिळतात. त्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा इथे केळणेच्या काठाने मैलोन्‌मैल पसरल्या होत्या. समोर आर्थर वेलस्ली होता. वय चौतीस, हाताशी साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं.

दोनच दिवसांपूर्वी बदनापुरात त्याची आणि कर्नल स्टीव्हन्सनची गाठ पडली होती. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा, असं ठरलं होतं. मराठी छावणी अपेक्षेपेक्षा जवळ निघाली आणि वेलस्ली स्टीव्हन्सनची वाट न पाहता पुढे सरकला. वाटाड्यांनी सांगितलं की मराठ्यांच्या समोरचा उतार सोडला तर नदी ओलांडायला दुसरी जागा नाही. त्याला मात्र नदीच्या अल्याड-पल्याड पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं समोरासमोर दिसली. अशा गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, हे त्याने ताडलं, आणि ती होती. इंग्रजी इतिहासकारांनी या तर्काचं अमाप कौतुक केलं आहे. आपल्याकडे पल्याडच्या गावात लेक दिलेल्या कुणालाही हे दुर्बिणीशिवाय कळलं असतं!

लढाई भीषण झाली. इंग्रजांकडे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले. ७४ वी हायलँडर पलटण असई गावापाशी तोफांच्या तोंडी सापडून जवळजवळ संपली. मराठी गोलंदाज तोफांना चिकटून राहिले आणि तिथेच पडले. वेलस्लीच्या अंगाखालचे दोन घोडे गेले. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाला म्हातारपणी विचारलं की तुमची सगळ्यांत चांगली लढाई कोणती, तेव्हा त्याने असईचं नाव घेतलं. मराठ्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या. पण त्याच दिवशी मराठ्यांचं प्रचंड घोडदळ बहुतांशी बघत उभं राहिलं, कवायती पायदळाची सूत्रं पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होती, आणि यशवंतराव होळकर तर या युद्धात उतरलेच नव्हते. ते का उतरले नाहीत, याचं उत्तर केळणेच्या काठावर सापडत नाही. त्यासाठी १७९६ साली जावं लागतं.

त्या वर्षी जगाच्या दोन टोकांना, पुण्यात आणि फिलाडेल्फियात, एकच पेच पडला होता: सर्वांत मोठा माणूस बाजूला झाला की खुर्ची कुणाची?

पुण्याचं आपल्याला ठाऊक आहे. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडले आणि दोन दिवसांनी वारले. वय एकवीस, मूलबाळ नाही. रघुनाथरावांचा थोरला मुलगा बाजीराव हा जवळचा वारस. पण ज्या रघुनाथरावांना रोखण्यासाठी बारभाईंनी उभा डाव मांडला, त्यांच्याच मुलाला गादी द्यायची, हे नाना फडणविसांच्या गळी उतरेना. मग दौलतराव शिंद्यांची फौज, परशुरामभाऊ पटवर्धनांचा शब्द, नानांचा पैसा आणि निजामाशी बोलणी, असं सगळं वर्षभर चाललं. बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी अप्पा याला मयत पेशव्याच्या विधवेच्या, यशोदाबाईंच्या, मांडीवर दत्तक बसवलं आणि साताऱ्याहून वस्त्रं आणून पेशवा केलं. काही महिन्यांत पारडं फिरलं. डिसेंबरात त्याच साताऱ्याहून वस्त्रं आली ती बाजीरावासाठी. एका वर्षात दोन पेशवे झाले, विधी दोन्ही वेळा यथासांग झाला. ज्याची फौज पुण्यात, त्याच्या माणसाला वस्त्रं, एवढाच काय तो नियम उरला.

फिलाडेल्फिया तेव्हा अमेरिकेची राजधानी होती. तिथला पेच उलटा. जॉर्ज वॉशिंग्टन हयात होते, धडधाकट होते, आणि राज्यघटनेत मुदतींची मर्यादा नव्हती. त्यांनी तिसऱ्यांदा उभं राहायचं म्हटलं असतं तर कोण आडवं येणार होतं? १९ सप्टेंबर १७९६ रोजी तिथल्या एका दैनिकात त्यांचं निरोपाचं पत्र छापून आलं. भाषण नाही, दरबार नाही; लोकांनी ते वर्तमानपत्रात वाचलं. मार्च १७९७ मध्ये जॉन ॲडम्स यांनी शपथ घेतली आणि वॉशिंग्टन शेतीवर परतले. दोन मुदतींनंतर थांबायचं, हा पायंडा पुढे १९४० पर्यंत टिकला. कायद्यात तो १९५१ साली आला.

वॉशिंग्टनना सगळं आपोआप साधलं, असं नाही. १७८९ मध्ये सिनेटने महिनाभर काथ्याकूट केला तो त्यांना काय म्हणावं यावर. ‘हायनेस’पासून ‘स्वातंत्र्याचे संरक्षक’पर्यंत बिरुदं सुचवली गेली, शेवटी नुसतं ‘अध्यक्ष’ ठरलं. याच सुमारास, १७९२ साली, महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी ‘वकील-इ-मुतलक’ हा किताब घेऊन पुण्याला आले आणि मोठा समारंभ झाला. नानांना तो सोहळा फारसा रुचला नव्हता. नाना आणि महादजी यांचं जे होतं, तेच वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात हॅमिल्टन आणि जेफरसन यांचं होतं. जेफरसन १७९३ अखेर राजीनामा देऊन बाहेर पडले आणि विरोधी पक्ष उभा राहिला. महादजींसाठी मात्र राजीनामा ही वाटच नव्हती. सरदार नाराज झाला की त्याच्यापाशी फौज असे. १७९४ च्या फेब्रुवारीत ते वानवडीला वारले आणि पंधराच्या आतबाहेरचे दौलतराव त्या अफाट लष्कराचे धनी झाले.

नंतरची पुण्याची वर्षं वाचताना जीव विटतो. सप्टेंबर १७९७ मध्ये शिंद्यांच्या माणसांनी यशवंतरावांचे भाऊ मल्हारराव होळकर यांना पुण्यात ठार केलं. वर्षअखेर खुद्द नानांना कैद झाली. १७९८ मध्ये दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुणेकरांकडून पैसा उकळताना जे केलं, ते बखरी अजून विसरलेल्या नाहीत. मार्च १८०० मध्ये नाना गेले. वॉशिंग्टन त्यांच्या तीनच महिने आधी, डिसेंबर १७९९ मध्ये वारले होते. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने यशवंतरावांचा दुसरा भाऊ विठोजी होळकर याला हत्तीच्या पायी दिलं. यशवंतरावांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या मैदानात शिंदे-पेशव्यांच्या फौजांचा धुव्वा उडवला, बाजीराव पळाले, आणि ३१ डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी वसईचा तह केला. होळकर असईला का आले नाहीत, ते एवढ्यावरून उमजावं.

त्याच वर्षांत अमेरिकाही कडेलोटाच्या टोकाला गेली होती. ॲडम्स यांनी १७९८ मध्ये सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणारे कायदे केले. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना समसमान ७३ मतं पडली, कारण अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्यासाठी वेगळं मत देण्याची सोयच नव्हती. प्रतिनिधीगृहात पस्तीस वेळा मतदान होऊनही निकाल लागेना. काही राज्यांत हत्यारं काढायची भाषा सुरू झाली. छत्तिसाव्या वेळी, १७ फेब्रुवारी १८०१ रोजी, जेफरसन निवडून आले. ४ मार्चच्या पहाटे ॲडम्स नव्या अध्यक्षाच्या शपथेला न थांबता गाव सोडून गेले. रुसले म्हणा हवं तर; पण गेले. (या लोकशाहीत गुलामांना मत नव्हतं, तरी पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब धरून दक्षिणेच्या राज्यांना जास्तीची मतं मिळत होती. जेफरसन यांना त्याचा फायदा झाला, हे विसरून चालणार नाही.)

परक्या सत्तेशी कसं वागायचं, हा त्या काळचा दुसरा काटा. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात जुंपली तेव्हा वॉशिंग्टननी १७९३ मध्ये तटस्थता जाहीर केली, आणि त्यांचे वकील जॉन जे यांनी इंग्लंडशी केलेला तह लोकांनी जे यांचे पुतळे जाळले तरी मंजूर करून घेतला. तो तह कमीपणाचा होता. मात्र त्याने परराष्ट्रव्यवहार दुसऱ्याच्या हाती दिला नाही. वसईच्या तहाने दिला. बाजीरावांनी आपल्या मुलखात इंग्रजी पलटणी ठेवून घेतल्या आणि इतरांशी बोलणी करायची तर कंपनीला विचारून, हे कबूल केलं.

दोन्हीकडच्या माणसांची ये-जाही होती. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे शरण आलेले कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल झाले आणि मराठ्यांना सोबत घेऊन टिपूशी लढले. मॅसॅच्युसेट्सचा जॉन पार्कर बॉइड निजामाकडे, मग पेशव्यांकडे पलटणी चालवून परतला आणि १८१२ च्या युद्धात अमेरिकेचा ब्रिगेडियर जनरल झाला. तिथे त्याने फार नाव काढलं नाही.

डिसेंबर १८०३ च्या तारखा जवळजवळ ठेवून पाहिल्या की दोन्ही कहाण्यांतलं अंतर दिसतं. ९ तारखेला अमेरिकेच्या काँग्रेसने निवडणुकीतला तो समसमान मतांचा घोळ मिटवणारी बारावी घटनादुरुस्ती मंजूर केली. १७ तारखेला रघूजी भोसल्यांनी देवगावचा तह केला. २० तारखेला न्यू ऑर्लीन्समध्ये फ्रान्सचा झेंडा उतरून लुइझियानाचा विस्तीर्ण मुलूख अमेरिकेकडे आला, आणि ३० तारखेला दौलतरावांनी सुर्जी-अंजनगावच्या तहावर शिक्कामोर्तब केलं.

या तहाच्या कलमांत आपलं जालना नावानिशी आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडचा शिंद्यांचा मुलूख सोडताना जालनापूरचा किल्ला आणि परगणा यांचा स्वतंत्र उल्लेख केला गेला. हा टापू निजामाच्या पदरी पडला आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिला. इथल्या लोकांनी सरकार निवडण्यासाठी पहिल्यांदा रांग लावली ती १९५२ च्या निवडणुकीत. बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले, आणि राजप्रमुख म्हणून निजाम मीर उस्मान अली खान १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी होईपर्यंत पदावर होते.